तराणा, तराना, तराने : एकाच शब्दाचे किती अर्थ?

मुक्काम_लखनौ

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या आम्ही लखनौला असतो. यंदा कॉलनीतल्या १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात शेजारच्या आंटींनी माझ्या लेकीला विचारलं, "बेटा, तराना सुनाओगी?" ती शास्त्रीय गाणं शिकते आणि नुकताच तिचा हंसध्वनी रागातला तराणा बसलाय, त्यामुळे ती लगेच हो म्हणाली. कार्यक्रमात आंटींनी माइकवर जाहीर केलं, "अब बच्ची क़ौमी तराना पेश करेगी." झालं! राष्ट्रगीत समजून सगळी कॉलनी ताठ उभी राहिली आणि लेकीने सुरू केलं, "तन देरे ना, तदानी दीम्..." दोन आवर्तनं होईपर्यंत लोक तसेच उभे होते. मग पुढच्या रांगेतले एक आजोबा बसले आणि हळूहळू बाकीचेही बसले. टाळ्या मात्र भरभरून पडल्या.

नंतर लेकीने विचारलं, "आई, ज्यात एकही शब्द नसतो तो तराणा, आणि ज्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर लोक चिडतात तोही तराना. असं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. इथे गाणारे आहेत, उर्दू-फारसी जाणणारे आहेत. सांगा ना. शिवाय आपण मराठीत 'ण' का लावतो तेही सांगा.

झारा

लोक उभे राहिले ते योग्यच झालं. हंसध्वनी चांगला लागला की उभंच राहावं.

(खुर्ची टाकून बसलोय. जाणकारांनी लिहावं.)

तानपुरा_मिरजेचा

ताई, गाण्यापुरतं मी सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

आपल्याकडे तराणा म्हणजे ता, ना, रे, दानी, तदानी, ओदानी, दीम्, तोम्, यलली अशा बोलांवर बांधलेली बंदिश. स्थायी, अंतरा, ताल, सम सगळं ख्यालासारखंच. साधारणपणे ख्याल झाला की द्रुत लयीत म्हणतात, पण मध्य लयीतले आणि विलंबितातलेही तराणे आहेत. त्यात पखवाजाचे बोल आले की त्रिवट. शब्द, सरगम, तराण्याचे बोल आणि पखवाजाचे बोल असं चौघं एकाच बंदिशीत नांदले की चतरंग.

शब्द नाहीत म्हणून सोपं, असा पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात उलट आहे. 'दिरदिर' द्रुत लयीत म्हणायचं तर जिभेचा शेंडा टाळूला लागून तितक्याच वेगाने सुटायला हवा. मी मुलांना आधी सूर लावूच देत नाही. हातावर तीनताल धरायचा आणि नुसते बोल म्हणायचे. 'दिर'मधला 'र' स्वच्छ ऐकू येईपर्यंत लय वाढवायची नाही. घाई केली की 'दिदिदिदि' होतं, आणि एकदा जिभेला ती सवय लागली की काढता काढता गुरूची दमछाक होते. ज्याचा तराणा स्वच्छ, त्याची लय पक्की.

'ण'चं म्हणाल तर आमच्या गुरुजींपासून सगळे 'तराणा'च म्हणत आले. हिंदीवाले 'तराना' म्हणतात. दोन्ही चालतं.

साठीतला_श्रोता

तराणा म्हटलं की मला मालिनीताई राजूरकर आठवतात. २०२३ मध्ये त्या गेल्या. टप्पा आणि तराणा ही त्यांची खास हुकमत. मंचावर कसलाही आव नाही, हातवारे नाहीत. बोल दाण्यासारखे सुटे, आणि तरी स्वरांची लड कुठे तुटायची नाही. वीणाताई सहस्रबुद्धेही तराण्यासाठी ओळखल्या जायच्या, त्या तर तराण्याच्या अभ्यासकही. त्यांच्या आधीच्या पिढीत पुण्याचे विनायकबुवा पटवर्धन. ग्वाल्हेर परंपरेत तराण्याला मान होता म्हणून ही मंडळी तयार झाली. हल्ली मैफलीत तराणा शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात, टाळ्या घेण्यापुरता. ते मला रुचत नाही.

माळवी_माणूस

आमच्या उज्जैन जिल्ह्यात तराना नावाचं गाव आहे, तहसीलीचं. पूर्वी होळकरांच्या इंदूर संस्थानात होतं. उज्जैनच्या स्टँडवर बसवाले "तराना! तराना!" ओरडत असतात. म्हणजे ताई, तुमच्या यादीत आणखी एक अर्थ वाढला. :)

आता मुद्द्यावर येतो. इंदूरचं नाव निघालंच आहे तर उस्ताद अमीर खाँसाहेबांशिवाय हा धागा पुढे जाऊच शकत नाही. जन्म १९१२, कलकत्त्यात मोटार अपघातात गेले ते १९७४ मध्ये. तराण्याचे बोल निरर्थक आहेत हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांनी यावर अभ्यास केला, लिहिलं, आणि गाऊन दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की हे फारसी-अरबी शब्द आहेत आणि सूफी साधकाचं नामस्मरण त्यात दडलेलं आहे. 'तनन दर आ' म्हणजे माझ्या तनूत ये. 'तू दानी' म्हणजे तू जाणतोस. 'ओ दानी' म्हणजे तो जाणतो. 'यला' म्हणजे या अल्लाह. तराणा अमीर खुसरौने रचला असं परंपरा मानते, आणि खुसरौ तर निजामुद्दीन औलियांचा शिष्य. मग तो अर्थ नसलेलं गाणं कशाला रचेल?

त्यामुळे लेकीला सांगा, 'एकही शब्द नसतो' हे खरं नाही.

मुक्काम_लखनौ

@माळवी_माणूस, हे वाचून अंगावर काटा आला. तिच्या बाईंनी असं काही सांगितलं नव्हतं. बोल म्हणजे नुसते नाद, एवढंच आम्हाला माहीत.

दफ्तरी

खाँसाहेबांच्या गाण्यापुढे दंडवत, पण फारसीच्या अंगाने थोडं लिहितो. मी फारसी शिकलो ती शिवकालीन आणि पेशवेकालीन कागद वाचण्यासाठी, त्यामुळे व्याकरण डोळ्यासमोर असतं.

'दानिस्तन' म्हणजे जाणणे. दानम, मी जाणतो. दानी, तू जाणतोस. दानद, तो जाणतो. म्हणजे 'तू दानी' चोख बसतं, पण 'तो जाणतो' म्हणायचं तर 'ऊ दानद' हवं. 'ओ दानी' व्याकरणात बसत नाही. 'दर आ' म्हणजे आत ये, हे अगदी शुद्ध फारसी. 'तन' म्हणजे शरीर, तेही बरोबर. थोडक्यात, काही बोलांना अर्थ सहज चिकटतो, काहींना ओढून लावावा लागतो. सगळ्या तराण्यांतून एक सलग वाक्य निघत नाही.

माळवी_माणूस

दफ्तरीकाका, तोंडी विद्या शे-दोनशे वर्षं फिरली की 'दानद'चं 'दानी' व्हायला कितीसा वेळ लागतो? आपल्या आरत्यांचंच बघा. 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' घरोघरी झालंच की. आरतीतला अर्थ काही गेला नाही.

दफ्तरी

उदाहरण मार्मिक आहे, मानलं. फरक इतकाच की आरतीची लिखित संहिता हातात आहे, म्हणून मूळ शब्द काय होता ते दाखवता येतं. खुसरौच्या हातचा तराणा आपल्या हातात नाही.

अश्मक

मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. तराणा फारसीतून आला, खुसरौने आणला, म्हणजे त्याआधी इथे असं काही नव्हतं, असा सूर लागतो. अर्थहीन अक्षरांचं गाणं आपल्याकडे फार जुनं आहे.

नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाच्या, म्हणजे नाटकाआधीच्या विधींच्या, वर्णनात 'निर्गीत' येतं. शुष्काक्षरांवर, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांवर, वाद्यांच्या साथीने गायचं गाणं. त्याची कथाही मजेची आहे. नारदादी गंधर्वांनी देवदानवांच्या सभेत ते ऐकवलं. दैत्य इतके खूश झाले की ते म्हणाले, आम्हाला हेच हवं. देव चिडले आणि हे बंद करा म्हणून नारदाकडे गेले. नारदाने समजूत घातली की बंद नको, दैत्य यात रमले आहेत तर रमू देत. देवांच्या समाधानासाठी त्याला 'बहिर्गीत' असं नाव मिळालं.

पुढे या तेराव्या शतकातल्या देवगिरीला. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात प्रबंधाची, म्हणजे त्या काळच्या बांधीव गीतरचनेची, सहा अंगं सांगितली आहेत : स्वर, बिरुद, पद, तेनक, पाट, ताल. यातलं तेनक म्हणजे 'तेन तेन' असे उच्चार आणि पाट म्हणजे वाद्यांचे बोल. तराणा आणि त्रिवट यांचे पूर्वज आपल्याच मातीत, दौलताबादच्या किल्ल्याच्या परिसरात लिहून ठेवलेले आहेत. आणि गंमत बघा, शार्ङ्गदेवही 'तेन' नुसतं सोडत नाही. तो म्हणतो हा मंगलवाचक शब्द आहे, 'तत्'शी त्याचं नातं आहे. म्हणजे निरर्थक अक्षरांत अर्थ शोधायची ओढ अमीर खाँसाहेबांच्या सातशे वर्षं आधीही होतीच.

तानपुरा_मिरजेचा

@अश्मक, यात भर घालतो. धृपदिये आलापात 'री, ता, ना, तोम्, नोम्' म्हणतात. डागर घराण्यात सांगतात की हे 'ॐ अनंत नारायण हरि'चे तुकडे आहेत. तेच बोल, तीच जीभ. एकाला त्यात हरी ऐकू येतो, दुसऱ्याला अल्लाह. मला स्वतःला दोन्ही प्रामाणिक वाटतात. गाणारा त्या भावनेने गातो, त्याला पुरावा मागायला मी जाणार नाही.

झारा

देवांना नको होतं आणि दैत्यांना आवडलं. शेवटच्या पाच मिनिटांच्या तराण्यावर टाळ्या कोण वाजवतं ते आता कळलं. @साठीतला_श्रोता, हलकेच घ्या. :)

कोकणकन्या

देवगिरीवरून आठवलं. गोपाळ नायक आणि खुसरौची गोष्ट आमच्या संगीताच्या बाईंनी सांगितली होती. अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीचा गायक गोपाळ नायक दिल्लीला नेला. दरबारात त्याचं गाणं चाललेलं असताना खुसरौ सिंहासनाखाली लपून ऐकत बसला आणि नंतर तसंच्या तसं गाऊन दाखवलं. संस्कृत येत नव्हतं म्हणून शब्दांच्या जागी 'तनन देरे ना' घातलं आणि तोच पहिला तराणा. खरं का हे?

अश्मक

१२९६ मध्ये अल्लाउद्दीनने देवगिरीवर स्वारी केली हे खरं. खुसरौ १२५३ ते १३२५, म्हणजे काळ जुळतो. पण सिंहासनाखाली लपण्याची गोष्ट फकीरुल्लाच्या 'रागदर्पण'मध्ये येते, आणि तो औरंगजेबाच्या काळातला. साडेतीनशे वर्षांनंतरची साक्ष. शिवाय गोष्टीचा रोख बघा : आमच्या उस्तादाने तुमच्या नायकाला हरवलं. अशा गोष्टी सगळ्या दरबारांत रचल्या जातात. मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

आणि भाषा येत नाही म्हणून तराणा रचला, हे तर खुसरौवर अन्याय करणारं आहे. हिंदवीत रचना करणारा, भाषांशी खेळणारा कवी तो.

बहामनी_बोरू

सोलापूरहून सलाम. माझं शिक्षण उर्दू माध्यमातलं, घरी दखनी, बाहेर मराठी. मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे उर्दूतला तराना, अजून कुणी घेतलेला नाही, तो मी घेतो.

उर्दूत गाण्याला चार-पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाचा बाज वेगळा. गाना म्हणजे कुठलंही गाणं. गीत म्हणजे हिंदी धाटणीची, हळवी, बहुतेकदा बाईच्या तोंडची रचना. नग़्मा म्हणजे सुरेलपणा आधी, शब्द नंतर. पाखराच्या आवाजालाही नग़्मा म्हणतात. तराना मात्र दोन ठिकाणी राहतो. एक शायरीत : कुणी 'तराना छेडतो', म्हणजे मन भरून आल्यावर गाऊ लागतो. दुसरा शाळा-कॉलेजात आणि मैदानात : सगळ्यांनी मिळून, एका आवाजात म्हणायचं गाणं. आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर तराना व्हायचा. रोज. पावसात व्हरांड्यात उभं राहूनसुद्धा.

या दुसऱ्या अर्थाला मोठं केलं इक्बालने. १९०४ मध्ये त्याने 'सारे जहाँ से अच्छा' लिहिलं, त्याचं नाव 'तराना-ए-हिंदी'. आज जी चाल आपल्या कानात आहे ती पंडित रविशंकरांची, मुंबईत 'इप्टा' या नाट्यसंस्थेच्या दिवसांतली. आणि १९८४ मध्ये अंतराळातून भारत कसा दिसतो असं इंदिराजींनी विचारल्यावर राकेश शर्मांनी उत्तर दिलं ते याच ओळीने. पण त्याच इक्बालने १९१० मध्ये 'तराना-ए-मिल्ली' लिहिला, त्याच वृत्तात, तोच 'हमारा' अंत्य शब्द ठेवून. पहिल्यात 'हिंदी हैं हम, वतन है हिंदोस्ताँ हमारा', दुसऱ्यात 'मुस्लिम हैं हम, वतन है सारा जहाँ हमारा'. सहा वर्षांत एका माणसाचं घर केवढं बदललं! मला पहिला तराना जिवापाड आवडतो. दुसरा वाचताना आजही त्रास होतो.

त्यानंतर तराना हा शब्द संस्थांनी उचलला. अलीगढ विद्यापीठाचा तराना शायर मजाज़चा, 'ये मेरा चमन है मेरा चमन'. जामिया मिलियाचा वेगळा, देवबंदच्या दारुल उलूमचा वेगळा. राष्ट्रगीत ते क़ौमी तराना, आपलंही आणि पाकिस्तानचंही. त्यामुळे लखनौच्या आंटींचं काही चुकलं नाही. १५ ऑगस्टला तराना म्हटल्यावर दुसरं काही त्यांच्या मनात येणारच नाही.

सदाफुली

बहामनी दादा, किती सुंदर लिहिलंत! पाकिस्तानच्या क़ौमी तरान्यात उर्दू जवळजवळ नाहीच, सगळं फारसी आहे असं ऐकलंय, ते खरं का?

बहामनी_बोरू

हो ताई. हफ़ीज़ जालंधरींनी लिहिलेल्या तीन कडव्यांत खास उर्दूचा म्हणावा असा एकच शब्द, 'पाक सरज़मीन का निज़ाम' मधला 'का'. बाकी सगळं फारसीतही तसंच चालेल. तिथे चाल आधी झाली, अहमद छागला यांची, आणि शब्द मागून आले. १९५४ मध्ये तो अधिकृत झाला तेव्हा छागला हयात नव्हते, आदल्याच वर्षी गेले होते.

आणखी एक अर्थ राहिला. पश्तोत तराना म्हणजे वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात म्हटलेलं स्फूर्तिगीत. तालिबानने वाद्यांवर बंदी घातली पण तराने मात्र चालू ठेवले. शब्द तोच, आणि आपल्या लेकीचा हंसध्वनी कुठे, ते कुठे.

झारा

म्हणजे तबलजीशिवाय तराणा. आमच्या मिरजकरांना चक्कर येईल.

ओवी

चेन्नईहून लिहितेय, भरतनाट्यम शिकते आणि थोडं शिकवतेही. आमच्याकडे तिल्लाना आहे, तो कुणाला कसा आठवला नाही? हा शब्दही तराणावरूनच आला असं पुष्कळ जाणकार मानतात. मार्गममध्ये, म्हणजे आमच्या नृत्याच्या ठरलेल्या क्रमात, तो शेवटी येतो. 'धीम् तनन, तदर दानी' अशा बोलांवर शुद्ध नृत्त, पावलांची वीण. नर्तकी दमलेली असते आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त ताकद लागते.

मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे आज आम्ही ज्या क्रमाने नाचतो तो क्रम घालून दिला तंजावर चतुष्टयाने : चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ. ते दुसऱ्या सरफोजीराजांच्या, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातले. सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणंही आहेत. तंजावरात तेव्हा तेलुगू, तमिळ, संस्कृत, मराठी सगळं एका छपराखाली चाललं होतं. उत्तरेकडचा तराणा तिथे येऊन पायात घुंगरू बांधता झाला, तर त्यात नवल नाही.

पण मला इथे एक सांगायचंय. तिल्लान्यात सुरुवातीला सगळे बोल असतात, आणि शेवटी दोन-चार ओळी साहित्य येतं. खरे शब्द. देवाचं नाव, रचनाकाराची मुद्रा म्हणजे नावाची खूण. तेवढ्यात नर्तकी हात जोडते, मग पुन्हा बोलांवर जाते. तराण्यातही असं असतं का?

तानपुरा_मिरजेचा

असतं, ओवीताई. सगळ्यांत नाही, पण जुन्या तराण्यांच्या अंतऱ्यात फारसी शेर किंवा रुबाई येते. अमीर खाँसाहेबांनी तर आग्रहाने तसे तराणे गायले. त्यांचा हंसध्वनीतला तराणा प्रसिद्धच आहे : 'इत्तेहादेस्त मियान-ए-मन-ओ-तू'.

तुमच्याकडचा राग म्हणूनही सांगतो. हंसध्वनी कर्नाटकातला. तो आपल्याकडे रुजवला भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी, मुंबईत. अमीर खाँसाहेबांवर त्यांचा मोठा प्रभाव होता.

मुक्काम_लखनौ

थांबा थांबा! लेकीच्या तराण्याचा अंतरा हाच आहे! वहीत बाईंनी देवनागरीत लिहून दिलंय, "इत्तेहादेस्त मियाने मनोतू, मनोतू नेस्त मियाने मनोतू". आम्ही तेही बोलच समजत होतो. याचा अर्थ काय?

दफ्तरी

"माझ्यात आणि तुझ्यात ऐक्य आहे. माझ्यात आणि तुझ्यात मी-तू असं काही नाही."

साठीतला_श्रोता

वा! आणि हे स्वातंत्र्यदिनाला, लखनौमध्ये, एका मराठी मुलीने उभ्या कॉलनीपुढे म्हटलं.

इस्तंबूलची_मांजर

मी इथे फक्त वाचायला येते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. कामामुळे इस्तंबूलमध्ये असते आणि हौस म्हणून जुन्या उस्मानी गाण्यांच्या वर्गाला जाते. तिथल्या जुन्या रचनांमध्ये शब्दांच्या मधे 'तेरेन्नुम' नावाचा भाग येतो. त्याचे बोल ऐका : "तेन नेन नी, तेन दिर, ये लेल ली". पहिल्यांदा वर्गात हे गायलं गेलं तेव्हा मी चमकून शेजारणीकडे बघितलं. लहानपणी पुण्यात शिकलेला तराणा ती तुर्कीत म्हणत होती! तिथेही दोन प्रकार मानतात : नुसते नादाचे बोल, आणि 'जानम', 'दोस्त' असे अर्थाचे शब्द.

म्हणजे 'तन-दिर-यलली' हे बोल दिल्लीपासून इस्तंबूलपर्यंत पसरलेले आहेत. ते एकट्या माणसाचे असतील असं मला वाटत नाही, मग तो खुसरौ का असेना.

अश्मक

ही फार मोलाची माहिती. धन्यवाद. देवगिरी सोडून इस्तंबूलला जावं लागतंय, पण जातो.

दफ्तरी

मांजरताईंनी दार उघडलं, आता मूळ प्रश्नाकडे परत येता येईल.

'तन, तनन' हे बोल अरबी-फारसी संगीतशास्त्रात ताल मोजण्यासाठी वापरत. तेराव्या शतकात बगदादच्या सफीउद्दीन उर्मवीच्या ग्रंथांत ते आहेत. आपण 'धा धिं धिं धा'ने ताल मोजतो तसे ते 'तन तनन'ने मोजत. म्हणजे हे बोल देवाचं नाव म्हणून आले असोत वा नसोत, गवयाच्या रोजच्या सरावातले होते एवढं नक्की.

आता 'तराना' हा शब्द. जुन्या फारसीत त्याचा एक ठरलेला अर्थ रुबाई असा होता, चार चरणांची कविता, खास करून गायची रुबाई. तेराव्या शतकातल्या शम्स-ए-कैस या छंदशास्त्रकाराने याची गोष्ट दिली आहे. गझनीत मुलं अक्रोड खेळत होती. एक अक्रोड घरंगळत खळग्यापर्यंत गेला आणि एक देखणा पोरगा आनंदाने ओरडला, "ग़ल्ताँ ग़ल्ताँ हमी रवद ता बुन-ए-गव", घरंगळत घरंगळत चाललाय खळग्याच्या तळाशी. तिथे उभ्या असलेल्या कवीला, शम्सच्या अंदाजाने तो रूदकी, ते वाक्य वृत्तात बसलेलं जाणवलं आणि त्यातून रुबाईचं वृत्त निघालं. ते काढणारा मुलगा 'तर', म्हणजे ताजा, कोवळा होता, म्हणून नाव पडलं तराना. गोष्ट दंतकथा असेल, पण फारसी कोशकार या 'तर'चं नातं आपल्या 'तरुण' शब्दाशी लावतात. म्हणजे तराना आणि तरुण एकाच कुळातले.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं. त्या काळच्या इराणी दरबारी मैफलीत 'नौबत' नावाची गाण्यांची माळ असे. तिचे चार भाग : कौल, ग़ज़ल, तराना, फ़रूदाश्त. अब्दुल क़ादिर मराग़ी या संगीतकाराने हे नोंदवून ठेवलंय. यातला तराना रुबाईवर गायचा. आणि कौल म्हणजे ज्याच्यावरून कव्वाल आले तोच.

मला दिसतं ते असं : गायची रुबाई, तिच्या भोवती लयीचे बोल. ज्या लोकांना कविता प्यारी त्यांनी कविता ठेवली, बोल सोडले. तिथे तराना म्हणजे गाणं झालं, पुढे समूहगीत आणि राष्ट्रगीत. गवयांनी बोल ठेवले आणि कविता आक्रसत आक्रसत अंतऱ्यातल्या दोन ओळींपुरती उरली, पुष्कळदा तेवढीही नाही. लेकीच्या हंसध्वनीत तो जुना तराना अजून शिल्लक आहे.

अश्मक

मांडणी पटते. मी इतकंच म्हणेन की बोल वाढवून त्यांचीच बंदिश करण्याची हिंमत इथल्या गवयांना झाली, कारण निर्गीत, तेनक आणि पाट यांची सवय इथल्या कानांना आधीपासून होती. इस्तंबूलमध्ये बोल शब्दांच्या मधे राहिले, इथे ते स्वतंत्र झाले.

दफ्तरी

याला माझा पूर्ण पाठिंबा.

माळवी_माणूस

आणि कव्वालांकडे दोन्ही एकत्र राहिलं, हे विसरू नका. निजामुद्दीनच्या दर्ग्यात 'मन कुन्तो मौला' ऐका. कौलाचे अरबी शब्द झाले की लगेच "दारा दिल दारा दिल दर दानी" सुरू होतं. तिथे कुणी विचारत नाही अर्थ आहे की नाही. सगळे डोलत असतात.

कोकणकन्या

उझबेकिस्तानच्या शशमकाम या पारंपरिक संगीतातही 'तरोना' असतो ना? बुखाऱ्याच्या एका गटाचा कार्यक्रम मुंबईत ऐकला होता. दोन मोठ्या, संथ भागांच्या मधे छोटी, हलकी गाणी येत होती, त्यांना तरोना म्हणतात असं निवेदकाने सांगितलं. लोक तिथेच जास्त ठेका धरत होते.

दफ्तरी

बरोबर, तोच शब्द आणि तेच कूळ.

मुक्काम_लखनौ

काय बोलू! एका प्रश्नावर एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लेकीला सगळं वाचून दाखवलं. तिला अक्रोडाची गोष्ट सगळ्यात आवडली. शेजारच्या आंटींनाही अंतऱ्याचा अर्थ सांगितला, त्यांनी तो दोनदा म्हणवून घेतला. आता २६ जानेवारीला त्यांना हाच तराना परत हवाय, या वेळी आधी अर्थ सांगून. उच्चार मात्र शुद्ध हवेत असं त्या म्हणाल्या. बहामनी दादा, मदत करा.

बहामनी_बोरू

अवश्य. वहीत 'मनोतू' जोडून लिहिलंय ते आधी सुटं करून घ्या : 'मन-ओ-तू'. मन म्हणजे मी, मराठीतलं मन नव्हे. 'न' हलका, जीभ रेंगाळू द्यायची नाही. 'मियान-ए' मध्ये 'या' लांब आणि 'ए' आखूड. 'इत्तेहाद'चा 'त' दुहेरी, त्यावर किंचित थांबायचं. 'इत्तेहादेस्त' आणि 'नेस्त' दोन्हींचा शेवटचा 'त' उमटलाच पाहिजे. तो गिळला तर 'आहे' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द अर्धवट राहतात. सम कुठे येते ते मिरजकर सांगतील.

तानपुरा_मिरजेचा

बाईंनी बसवलीय तीच सम ठेवा, मी त्यात हात घालणार नाही. फक्त अंतऱ्याला लय वाढवू नका. बोलांना हवी तितकी वाढवा, पण त्या दोन ओळी लोकांना ऐकू येऊ देत. तबलजीलाही आधी सांगून ठेवा, नाहीतर तो उत्साहात पुढे निघून जाईल.